दाराजवळची जागा

मांजरसुंबा, सोमवार

प्रिय युवराज,

हे पत्र मला स्वस्तात पडलं नाही. चार कागद फाडले, गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवलं, दोन गाड्या समोरच्याकडे गेल्या. एवढ्यात भागेल असं वाटलं होतं. पण खरी किंमत अकरा वर्षं निघाली, आणि त्यातला एक दिवसही माझा गेलेला नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून, कडूबाईकडून घेतला. ती बरी आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मला मानलेला भाऊ म्हणते आणि भावासारखंच झापते. परवा म्हणाली, "भाऊ, पोट लई सुटलंय तुझं, आता गाडीखाली शिरशील कसा?" मी म्हटलं, मला शिरायला कशाला लागतं, मी ऐकतो.

ते तर तुला माहीतच आहे. उघड्यावर पाने-नटबोल्ट धूत सुरुवात केली, आज रस्त्याला लागून दोन शेड आहेत. ट्रकवाले विचारतात, "मामा, इंजिनाला नाडी असती का?" मी खाटेवरून, डोळे मिटून सांगतो, तिसरा नोजल बघ. बिघाड निघतो तिथंच. तीस वर्षांत ऐकल्याशिवाय एक गाडी फाटकाबाहेर सोडली नाही. पोलिसांसमोर हेच बोललो होतो, तूही उभा होतास.

आता कालची गोष्ट. चर्चमध्ये माझी जागा पुढं, पंख्याखाली. पंखा मीच दिलाय, पात्यावर नावही आहे. पण काल एका जीपमुळं उशीर झाला आणि दाराशी, चपलांजवळ, कडूबाईच्या मागं खाली बसलो. पाळकसाहेबांनी मंदिरात गेलेल्या दोघांची गोष्ट वाचली. एक परुशी, आपले उपास आणि दानधर्म देवाला मोजून दाखवणारा. दुसरा जकातदार, लांब उभा राहून, मान खाली घालून, छाती बडवत नुसती दया मागणारा. खरं सांगतो, परुश्याचं वर्णन ऐकताना मला आपल्या चर्चच्या कमिटीतला तो बढाईखोर पंडितच दिसत होता. मनात हसूनही घेतलं.

मग प्रभुभोजनाआधी, भाकर-द्राक्षरस घेण्याआधी, सगळे गुडघ्यांवर आले. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, ज्यानं त्यानं आपापलं देवाला हळू आवाजात सांगायचं. पत्र्याखाली ते पुटपुटणं मधमाश्यांसारखं घुमतं. पुढं पंख्याच्या खडखडाटात मला कधी कुणाचं ऐकू आलं नव्हतं. काल आलं.

तुझी आई म्हणत होती, "प्रभू, दया कर. रामकिसन दूधवाल्याचा जीव माझ्या लेकाच्या गाडीखाली गेला. त्याला डुलकी लागली, त्यात त्यानं ठरवून काय न्हाई केलं. त्याचा भार माझ्यावर घाल, त्याला मोकळं कर." इथवर मी तयार होतो. ती पुढं म्हणाली, "आन् भागवतभाऊवर दया कर. भाच्याच्या विरोधात खरं बोलताना त्याचं काळीज फाटलं असंल. त्याला झोप दे, प्रभू."

युवराज, मी जन्मभर लोखंड ऐकत आलो. चांगल्यातल्या चांगल्या इंजिनातही कुठंतरी काहीतरी घासतंच. त्या आवाजात काहीच घासत नव्हतं. ज्या तोंडातून माझ्या नावाला शाप यायला हवा होता, त्या तोंडातून माझ्यासाठी दया मागितली जात होती, आणि ती प्रार्थना तिला इतकी पाठ होती, म्हणजे दर रविवारी मागत असणार. देव अकरा वर्षं ते ऐकत होता. मी पंख्याखाली बसलो होतो आणि तो गप्प होता. मला जाळलं नाही, वाट बघितली. एवढा मोठा कुणीतरी एवढा वेळ थांबू शकतो, हे कळल्यावर मान वर होईना. मीही म्हटलं, दया कर.

सगळे उठले, मी तसाच. कडूबाई वळून म्हणाली, "उठत कावून न्हाईस भाऊ? तुझेबी गुडघे गेले का?"

तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायला हवं. मग तिला, मग रामकिसनच्या घरी, मग जिथं तेव्हा जबाब दिला तिथं. तू त्या संध्याकाळी म्हणालास, ब्रेकचा पायडल खाली जातोय, आणि गाडी माझ्या आवारात लावून चहाला गेलास. खाटेवर माझ्या गप्पा रंगल्या होत्या. तू परत आलास तेव्हा मी म्हणालो, ऐकली, ठीक आहे, जा. घाटात ते घडल्यावर पोलिसांना सांगितलं, ब्रेक चांगले होते, पोरगं पेंगलं असणार. तू शिक्षा भोगलीस, घर सोडलंस. माझ्या कानावर तुझा इतका भरवसा, की तुझ्या पायाला जे कळलं होतं ते सोडून तूही म्हणायला लागलास, लागली असेल डुलकी. नव्हती लागली. आईकडं ये. मला माफ कर असं म्हणायची माझी अजून छाती नाही. गाडीची किल्ली तू घेऊन गेला होतास, युवराज. मी ती गाडी सुरूसुद्धा केली नव्हती.

तुझाच,
भागवतमामा