बेन्नोच्या गाई आणि सातवा डाव

सेंट उर्बान, मिनेसोटा
रविवार, ३ मे १९५३

चि. सौ. सेंझीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

ह्युबर्टचा गुडघा कसा आहे? थंडी सरली, आता तरी काठी कोपऱ्यात गेली असेल. वाल्बुर्गाच्या उलट्या थांबल्या का? उठल्या उठल्या पावाचा कोरडा तुकडा चघळायला सांग, आपली आई तेच सांगायची. तुझ्या दाताचं काय झालं? आणि जावईबापूंचा उजवा हात? तो ठणठणीत असणारच. देवाने तो तसाच ठेवावा. फक्त आमच्याशी सामना असेल त्या रविवारी जरासा आखडावा, एवढंच मागणं.

तुझ्या लेकीने, वाल्बुर्गाने, आमच्या गावातून नवरा नेला त्याचं दुःख नाही गं, पण त्याच्याबरोबर आमच्या संघाचा चेंडू फेकणारा एकुलता एक पिचरही नेला. तीन वर्षं आम्ही तळाला होतोच, आता तळाखाली जायची वेळ आली. त्यात आज फादर राइनहार्टनी प्रवचन संपताच जाहीर केलं, की दफनभूमी भरली आणि शेजारचं बेसबॉलचं मैदान चर्चचंच आहे. यंदा संघ पहिला आला तर मैदान राहील. नाहीतर सप्टेंबरात डावीकडचं कुंपण निघणार आणि तिथे कबरी सुरू होणार. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, आलोइस, यात तुझाच फायदा, रोझिनाच्या अगदी शेजारी जागा मिळेल. मी म्हटलं, फादर, माझी बायको चाळीस वर्षं त्याच कुंपणाशी बसून मोजे विणत सामने बघत होती. तिचं मैदान मोडून मी शेजारी येऊन पडलो तर ती मला तिथूनही हाकलेल.

म्हणून एकाहत्तराव्या वर्षी संघाचा कारभार मी अंगावर घेतलाय. नवे पिचर तीन: कबरी खणणारा इग्नात्स, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे कॉर्बिनियन मास्तर आणि अकरा गाईंचा धनी, आपला ब्रह्मचारी बेन्नो. हसू नकोस.

तुझा,
आलोइसदादा

लिंडाव
१८ मे

ती. दादास,
सेंझीचा शि. सा. नमस्कार.

हसू नकोस म्हणालास, मी नाही हसले. ह्युबर्ट हसला. कॉफी नाकातून आली, धुतलेला टेबलक्लॉथ वाया गेला, तो तू आता येऊन धू. लिएंडर मात्र हसला नाही. म्हणाला, मामांचं डोकं लोहाराचं आहे, तापलं की कशाला काय आकार देतील सांगता येत नाही. जावई गुणी आहे रे, तू उगाच त्याच्या हाताला दृष्ट लावतोस.

पण दादा, इग्नात्स? त्याचा चेंडू फलंदाजापर्यंत पोचेस्तोवर माणसाचा डबा खाऊन होईल. आणि मैदानात कबरी आल्या तर त्याचंच काम वाढणार ना? मग तो कशाला तुमच्या बाजूने?

आई-बाबांच्या कबरीवर या खेपेला जिरेनियम लाव, गेल्या वर्षीचे झेंडू भिकार दिसत होते. गुडघा तसाच आहे, दात काढला, वाल्बुर्गाला कोरडा पाव लागू पडला.

तुझी धाकटी,
सेंझी

सेंट उर्बान
६ जुलै

चि. सौ. सेंझीस, आशीर्वाद.

टेबलक्लॉथचं ह्युबर्टला सांग, की आता कॉफी जपून पी, कारण बातमी गरम आहे. नऊ सामने झाले, आठ जिंकले!

गुपित लिंडावात फोडणार नसशील तर सांगतो. आपल्या बाबांनी मळणीच्या दिवशी एकच जोडी सबंध दिवस कधी जुंपली होती का? घाम फुटला की सोडायची आणि ताजी जोडी लावायची. मी तेच केलं. नऊ डाव, तीन पिचर, प्रत्येकाला तीनच डाव. आधी इग्नात्स. त्याचा चेंडू एवढा सावकाश, की फलंदाज वाट बघून कंटाळतो आणि आधीच बॅट फिरवतो. मग मास्तर. त्यांचा चेंडू कुठे वळेल हे त्यांनाही ठाऊक नसतं, पण चेहरा असा ठेवतात जणू सगळं लिहून आणलंय. समोरचे या दोघांना जरा ओळखू लागतात, तोवर सातव्या डावाला बेन्नो उभा. पहाटे-संध्याकाळ अकरा गाई पिळणारी बोटं ती! चेंडू सुटतो तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

इग्नात्सला तुझा प्रश्न फादरनीही विचारला. तो म्हणाला, डावीकडच्या मैदानात हातभर खाली नुसते दगड आहेत, फादर, तुम्ही खणून बघा.

आता ऑगस्टच्या सोळा तारखेला शेवटचा सामना, तुमच्याच गावी. बहुतेक तोच ठरवेल. जिरेनियम लावले. तुझ्या नावानेही एक रोप लावलंय, आईच्या उशाशी.

दादा

लिंडाव
१० ऑगस्ट

ती. दादास, सा. नमस्कार.

पत्र घाईत लिहितेय. तुम्ही आणि आम्ही बरोबरीत आहोत हे पोरंटोरंही सांगतात. रविवारच्या सामन्याची वेळ आमच्या संघाने बदलली आहे. दोनऐवजी चारला सुरू होईल. कारण सांगतात ऊन. खरं कारण मी ऐकलं, कारण ते माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच प्लमचा केक खात ठरलं. आमची पोरं गिरणीत कामाला, त्यांना गुरं नाहीत. सातवा डाव साडेपाचला येणार आणि तेव्हा बेन्नोला गाईंकडे पळावं लागणार. ही अक्कल ह्युबर्टची. एवढा खूश झाला, की गुडघा विसरून खुर्चीवर चढला. लिएंडरला ते आवडलं नाही, पण सासऱ्यापुढे बोलणार काय?

मी लिंडावची आहे, दादा. माझा जावई लिंडावसाठी खेळतो. त्यामुळे तुला काही सुचवणं मला शोभायचं नाही, आणि मी सुचवतही नाही.

सामन्याला मी मात्र येणार नाही. रविवारी माझं डोकं दुखणार आहे. मी ह्युबर्टला आजच सांगून ठेवलंय.

सेंझी

सेंट उर्बान
सोमवार, १७ ऑगस्ट

चि. सौ. सेंझीस,
दादाचे उदंड आशीर्वाद.

निकाल तुझ्या घरी भिंतींनाही कळला असेल. चार विरुद्ध तीन. तरी काही गोष्टी ह्युबर्ट तुला सांगणार नाही, त्या मी सांगतो.

दूध काढायला आठवडाभर माणूस शोधला, पण सारं गाव सामन्याला निघालेलं. त्यात बेन्नोच्या गाई परक्या हाताला दूध देत नाहीत. सहावा डाव संपला तसा बेन्नो टोपी काढून माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, काका, गाई हंबरत असतील, मला जायला हवं. कास तटतटलेली गाय आणि रोझिनाचं मैदान यांत निवडायचं, तर रोझिनाही गाईकडेच जा म्हणाली असती. मी त्याला जा म्हटलं.

तो गाडीत बसतोय तोच तुमच्या गावचा खानावळवाला धापा टाकत आला. फोनवर कुणी बाई होती म्हणे. बेन्नोच्या गाई पिळून झाल्या, त्याला म्हणावं चेंडू फेक, एवढं बोलून तिने फोन ठेवला. बिचाऱ्याने स्वतःच्याच संघाचा घात स्वतःच्या पायांनी पळत आणून दिला!

शेवटचा फलंदाज लिएंडर. तीनदा बॅट फिरवली, तीनदा नुसता वारा, बाद. मग सरळ येऊन बेन्नोचा हात हातात घेतला आणि माझ्या पाया पडल्यासारखा वाकून म्हणाला, मामा, हरलो ते बरं झालं, नाहीतर गाईंच्या जिवावर जिंकलो असतो. गुणी आहे, हे तुझं खरं.

रात्री आम्ही बेन्नोच्या गोठ्यात गेलो. चरव्या धुऊन पालथ्या घातलेल्या. खुंटीवरचा बेन्नोचा जुना कोट कुणी अंगात घालून पुन्हा टांगलेला, गाईंना वासाने फसवायला. आणि दूध गाळायचं फडकं धुऊन, त्रिकोणी घडी करून खिडकीत ठेवलेलं. तशी घडी जगात तीनच माणसांना यायची, सेंझी. आई गेली, रोझिनाने ती आईकडून उचलली होती, तीही गेली. मी बेन्नोला म्हटलं, कुणी भली बाई असेल, चौकशी करू नकोस.

फादरनी आज शब्द पाळला, मैदान राहतंय. शिवाय टेप घेऊन स्वतः मोजलं. रोझिना आणि मैदानाची रेघ यांच्यामध्ये एका माणसापुरती पट्टी निघाली, ती माझ्या नावावर. इग्नात्स म्हणाला, तेवढे दगड तो आनंदाने फोडेल, पण घाई करू नका. रेघेबाहेरची जागा, म्हणजे मी कायमचा फाऊलमध्ये. रोझिना म्हणेल, लग्न झाल्यापासून तिथेच होता.

ह्युबर्टच्या ट्रकमधलं पेट्रोल एवढं कमी कसं झालं, असं त्याने विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव. लोभ आहेच, तो लिंडाव हरलं म्हणून आटवू नकोस. आणि डोकं आता कसं आहे, हे उलट टपाली कळव.

तुझा,
दादा