सोपं कारण म्हणजे सर्जेराव

३ फेब्रुवारी १९९४, जाफराबाद
आज पुन्हा तो सर्जेराव! दवाखान्यातला कंपाउंडर, दोन वर्षांखाली ख्रिस्ती झाला. माझ्याच घरी चहा पिऊन मलाच शिकवतो — विज्ञानाच्या मास्तरला! म्हणलं, "जितकं कमी मानावं लागतं, तितकं कारण चांगलं. देव वगळला तरी जग चालतं. मंग कशाला मानायचा?" तर म्हणे, "सर, इतकं सारं आपोआप बराबर जुळलं, हे सोपं? का एकानं केलं, हे सोपं?"

मंग त्या एकाला कोणी केलं? विचारणारच होतो. पण आमची बेबीनंदा दारात उभी राहून मान डोलावून राह्यली होती. पंधरा वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्यावर अशी मान डोलावली न्हाई कधी! अंगाचा तिळपापड झाला.

६ फेब्रुवारी, रविवार
बायको आजबी प्रार्थनेला गेली. त्याच्याच घरी! "ताई" म्हणतो म्हणे. ताई म्हणणारे लै पाह्यले.

८ फेब्रुवारी
माझाच नियम लावून पाह्यला. ती दर रविवारी कशासाठी जाते? देवासाठी, नाहीतर सर्जेरावासाठी. देव दिसत न्हाई. सर्जेराव दिसतो — भांग पाडतो, हसून बोलतो. सोपं कारण कोणतं?

आमची चिंगी गेली तेव्हाबी मी सोपंच सांगितलं होतं. "ताप डोक्यात चढला, लेक गेली. त्याच्या मागं-पुढं काही न्हाई." चार वर्षं झाली. बेबीनंदानं पुन्हा विषय काढला न्हाई. मला वाटलं, पटलं.

१३ फेब्रुवारी, रविवार
लाज सोडून तिच्या मागं गेलो. दारात चपला — नऊ-दहा जोड! खिडकीतून पाह्यलं. बाया एकीकडं, बापे एकीकडं. सर्जेराव तर डोळे मिटून बसलेला. ज्याच्या मनात गेलेल्या माणसाचं जे नाव, ते त्यानं उठून मोठ्यानं घ्यायचं. बेबीनंदा उठली. "चिंगी," म्हणली. मंग सारे म्हणले, "चिंगी."

माझ्या लेकीचं नाव परक्यांच्या तोंडात! जळून खाक झालो. पण त्यांनी घेतलं तरी. मी घरात कधी घेतलं?

१४ फेब्रुवारी
वर्गात काय शिकवलं, आठवत न्हाई.

१५ फेब्रुवारी
देव न्हाईच, असं मला अजून वाटतं. सकाळी ती भाकरी करत होती. शेजारी बसून म्हणलं, "चिंगीला करपलेली भाकर आवडायची." तिचे हात थांबले. तव्यावरची भाकर तिनं उलटलीच न्हाई. चांगली करपू दिली. मंग दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.