घरमालकिणीची मांजर

ती. आईस,

मशीनवरूनच नमस्कार.

तब्येत ठीक आहे, शिवणकामही भरपूर मिळतंय. छळ आहे तो फक्त घरमालकिणीच्या मांजरीचा. मेली कापडावर बसून माझ्या तोंडाकडे बघत भोकाड पसरते. बाहेर टाकली, तर दार ओरबाडते.

चूक तुझीच आहे. हाकेला ओ द्यायचीच, हे तू अंगात भिनवलंस. पहिल्याच दिवशी ती ओरडली आणि मी कामाच्या नादात "ओ, आले" म्हणून बसले. तेव्हापासून ती माझ्याच मागे लागलीय. डोकं उठवलंय नुसतं.

काल तिला चप्पल फेकून मारली. आज फिरकली नाही, बरं झालं. तरी दुपारी मी उगाच एकदा ओ दिली.

तुझ्या हाकेला हल्ली ओ कोण देतं?

तुझी,
धाकटी