शाहपरचं कातडं

९ रजब, दुपार.
फौजेच्या दप्तरातल्या मुनशी बख्तावरच्या एका ‘बघू’ची खरी किंमत: दोन खरबुजं, बायकोनं ईदसाठी राखलेला कोंबडा आणि उन्हात उभं राहून फुटलेला माझा घोळणा. एवढं पदरात पडल्यावर तो दात कोरत म्हणाला, “बघू.” ती काडी माझ्याच अर्जावर ठेवली. शिसारी आली.

काम सोपं आहे. माझा घोडा शाहपर पोट फुगून मेला. फौजेचा नियम असा: मांडीवर तापल्या लोखंडानं दिलेला सरकारी डाग असलेला कातड्याचा तुकडा कापून दप्तरात दाखवायचा. तिथल्या वर्णनाशी जुळला की सरकारी पागेतून दुसरा घोडा. पुढच्या महिन्यातल्या, शाबानच्या हजेरीआधी जुळला नाही, तर स्वाराचं नाव पायदळात. लोक घाबरतात. मी पाण्याच्या कातडी मशकी शिवणाऱ्याचा पोरगा. दिल्लीच्या गल्ल्यांत पाणी वाहता वाहता घोड्यावर चढलो, तो स्वतःच्या अकलेवर. चढलेला माणूस उतरत नसतो.

११ रजब.
कातडं मीठ लावून पडवीत टांगलंय. बायको म्हणाली, “या घरात एक तर ते राहील, नाहीतर मी.” म्हटलं, बेगम, ते सरकारी आहे. तर म्हणते, “मग सरकारच्या पडवीत टांगा की! सासरे कातडं विकून यायचे, तुम्ही घेऊन येता.”
बायकांना दप्तराची कामं कळत नाहीत.

१४ रजब.
दप्तराबाहेर रांग. प्रत्येकाच्या काखेत मेलेल्या घोड्याचा तुकडा, आणि जो तो दुसऱ्याच्या तुकड्याला नाक मुरडतोय. शेजारचा दाऊद माझ्यामागेच होता. त्याच्या पिशवीतून पाणी गळत होतं. कसलं, ते विचारलं नाही. पानाच्या पिचकाऱ्या, माशा, घाम. या राज्याचा कारभार नाकानं चालवायचा असता, तर कधीच बुडाला असता.
बख्तावर बाहेर येऊन म्हणाला, “नायबसाहेब आज कातडी बघणार नाहीत. सकाळी खीर खाल्लीये.”

१७ रजब.
माझे कान! पडद्याला टेकून उभा होतो, तेवढ्यात आतून नायबसाहेबांचा आवाज. बख्तावरला सांगत होते, “जीव नकोसा झाला. ज्याच्या कातड्याला वास नसेल, त्यालाच आधी आत सोड.” सबंध रांगेत हे एकट्यानं ऐकलं ते मी. दाऊद तर तेव्हा कुरकुरत माशा मारत होता.
ठरलं.

१८ रजब.
कातडं चुन्यात बुडवलं. बापाची रीत. बायको म्हणाली, “अहो, केस गळतील की त्याचे.” म्हटलं, डाग बघतात, केस नाही. दाऊद कुंपणावरून ओरडला, “इल्यासमियाँ, मशक शिवताय का?” हसून घेतलं. बिचारा अजून मीठच चोळतोय.

२३ रजब.
सुरीच्या पाठीनं खरवडलं. पांढरं, मऊ, पातळ. वास नाही म्हणजे नाही. डाग मोहरेसारखा उठून दिसतो. आता अरबी घोडाच मागावा का? लाजण्यात अर्थ नाही.

२६ रजब, संध्याकाळ.
सगळ्यांत आधी आत सोडलं! नायबसाहेबांनी तुकडा हातात घेतला, चक्क नाकाला लावला. म्हणाले, “सुभानल्ला! बख्तावर, बघ. याला म्हणतात कातडं.” बख्तावरचं तोंड बघण्यासारखं झालं.
मग त्यानं दप्तर उघडून वाचलं: घोडा तांबडा, डागाच्या वर पांढरा ठिपका. तुकडा उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, “तांबडा कुठाय?”
सांगितलं, केस काढलेत.
नायबसाहेब म्हणाले, “का काढले?”
आता काय सांगणार? पडद्याआडचं ऐकलं म्हणालो असतो, तर माझ्याच पाठीचं कातडं सोलून टांगलं असतं. म्हटलं, हुजूर, स्वच्छतेची आवड.
साहेब म्हणाले, “दुसऱ्याच्या घोड्याचा डाग आणून रंग लपवणारे पुष्कळ पाहिले. इतक्या निगुतीनं कुणी लपवला नव्हता.”
दाऊदचं काम झालं. नाक दाबून बख्तावरनं चिमट्यानं त्याचा तुकडा उचलला. केस, डाग, किडे, सगळं जागच्या जागी. अशा घाणीवर राज्य चाललंय!

२८ रजब.
कातडं साहेबांनी ठेवून घेतलंय. म्हणजे विचार चालू आहे. माणूस कदरदान दिसला. हजेरीआधी बोलावणं येणार. बायकोला सांगितलं, खोगीर पुसून ठेव. ती म्हणाली, “कशावर घालायचंय?” मीच पुसून ठेवलं.

१ शाबान.
बोलावणं नाही. साहेब कामात असतील.

२ शाबान.
हजेरी झाली. दाऊद काळ्या घोड्यावर होता. माझं नाव पायदळात पुकारलं. चालत गेलो, चालत आलो.