वाकड्या घड्याळाचा ताल

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. (वर ‘तीर्थरूप’ लिहिणार होतो, पण तसं कुणी लिहिलं की आपल्याला भिंतीवर टांगल्यासारखं वाटतं, असं तूच मागे म्हणाली होतीस. टांगण्याचा विषय पुढे येणारच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? नव्या चष्म्याची काडी कानामागे टोचत असेल तर स्वतः पक्कड घेऊन बसू नकोस, मला कळव. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं उभं राहून मी एवढंच शिकलोय की घरी काडी वाकवणाऱ्या प्रत्येकाला ती जमली असं वाटतं. इकडे आम्ही ठणठणीत आहोत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी मुद्द्यावर येतो न येतो तोच तू ‘बरं, ठेवते’ म्हणून मोकळी होतेस.

आधी आभार मानून घेतो, म्हणजे नंतर तू चिडलीस तरी तेवढे पोचलेले असतील. दादाकडे राहायला जाताना तू घराची किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, झाडांना पाणी घाल, खिडक्या उघडत जा. झाडं जिवंत आहेत (बरीचशी). खिडक्या मात्र उघडल्या नाहीत, उलट त्यांच्यावर तुझ्या रजया लावून त्या पार बंद केल्या. कारण मावशी, तुझ्या घरात आमचा अल्बम रेकॉर्ड होतोय. हे मी तुला सांगितलं होतं. बायको म्हणते सांगितलं नव्हतंस. माझं म्हणणं, सांगितलं होतं, पण तोवर पलीकडून फोन ठेवला गेला होता.

आमची मंडळी तुझ्या ओळखीचीच. गिटारवर गणिताचे मास्तर, ड्रमवर गुरांचे डॉक्टर, माझ्या गळ्यात काकांचं अकॉर्डियन आणि गायला तुझी सूनबाई, म्हणजे माझी बायको. प्रत्येकाच्या मागे पोटासाठी एकेक नोकरीधंदा लागलेला. सूनबाई आठवडाभर पोस्टाच्या काउंटरवर ‘पुढचे या’ ओरडते, त्यामुळे शनिवारी तिच्या तोंडून दुसरा सूर निघत नाही, म्हणून शनिवार बाद. मास्तरांच्या शिकवण्या सकाळी, म्हणून सकाळ बाद. रात्री डॉक्टर ड्रमवरच झोपतात. उरली फक्त रविवारची दुपार, जेवण आणि चहा यांच्या मधली, आणि तीही गुरं देतील तेवढीच. मोठे कलावंत म्हणे महिना महिना स्टुडिओत राहतात. आम्ही येतो, चपला काढतो, तारा जुळवतो आणि घड्याळात बघतो. (घड्याळ लक्षात ठेव.)

तुझं घर नसतं तर हे काही शक्य नव्हतं, हे मी मनापासून सांगतो. स्टुडिओवाले तासावर बोलतात आणि आमचा निम्मा तास ‘तुमच्याकडे पाऊस झाला का’ यातच जातो. तुझ्या मधल्या खोलीत कुणी हाकलत नाही. आवाज घुमू नये म्हणून रजया होत्याच. गायिकेला वेगळी खोली लागते, ती तुझ्या कपाटात मिळाली. म्हणजे सूनबाई तुझ्या गरम कपड्यांच्या मधोमध उभी राहून दार लावून गाते. आवाज असा मऊ येतो की विचारू नकोस. फक्त डांबरगोळ्यांमुळे तिला प्रत्येक कडव्यानंतर एक शिंक येते, ती आम्ही कापून टाकतो.

याच कपाटामुळे एकदा महाभारत झालं. ऐन गाण्यात डॉक्टरांचा फोन वाजला. कुणाची तरी गाय अडली होती. डॉक्टरांची गाडी गॅरेजमध्ये, म्हणून मास्तर गाडीची किल्ली घेऊन धावले. ते दोघं धावले म्हणून मी धावलो. (मी का धावलो याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मला गाईतलं काय कळतं? तिचा नंबरही काढता येत नाही.) गाय सुटली, वासरू उभं राहिलं, आम्ही तिथेच चहा प्यायलो, आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला मास्तर म्हणाले, ‘वहिनी कुठे आहेत हो?’ वहिनी कपाटात होत्या. तिला मोकळेपणाने गाता यावं म्हणून आम्ही वाजवायचं थांबलो, असं समजून तिने सगळं गाणं एकटीने पुरं केलं होतं, बाहेर येऊन रिकामी खोली बघितली होती, आणि आम्ही परतलो तेव्हा ती तुझ्या खुर्चीत बसून आमची वाट बघत होती. त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. पण मावशी, ते गाणं! साथीला कुणी नसताना एका ठोक्याने इकडचं तिकडे झालेलं नाही. अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं तेच आहे आणि आम्ही त्यात नाही. याचं आम्हाला वाईट वाटायला हवं होतं, पण डॉक्टर म्हणाले, ‘लय अंगात मुरली की अशी मुरते. माझ्याबरोबर राहून वहिनींच्यातही आली.’

डॉक्टरांचं हे लयीचं कौतुक पुढे फार वाढलं. आम्ही झालेली गाणी मिक्सिंगवाल्याकडे पाठवली. तो एरवी दुकानांच्या जाहिराती करतो, आपल्यासाठी भल्या मनाने वेळ काढतो. त्याने कळवलं, तुमच्या ड्रमवाल्याची लय जबरदस्त आहे, लंगडत लंगडत चालल्यासारखी झुलते, असं हल्ली ऐकायला मिळत नाही. डॉक्टर दोन दिवस जमिनीवर नव्हते. खाली मात्र एक ओळ होती, की सगळ्या गाण्यांमागे बारीक टकटक येतेय, ती काढू का ठेवू?

आम्ही टकटक शोधायला लागलो. नळ घट्ट केला. फ्रिज बंद केला (आतलं लोणी वितळून गेलं, भरून देईन). मास्तरांचा गुडघा वाजतो असा डॉक्टरांना संशय होता, म्हणून मास्तरांना निम्मी दुपार पाय लांब करून बसवलं. शेवटी सूनबाईने वर बोट दाखवलं. तुझं लंबकाचं घड्याळ! आयुष्यभर ऐकत आल्यामुळे ते आवाज करतं हेच मी विसरलो होतो. लंबक थांबवला, शांतता झाली, आणि शेवटचं गाणं वाजवायला घेतलं.

काय सांगू. डॉक्टर पुढे निघाले, मास्तर मागे राहिले, मी मध्ये दोघांना हाका मारल्यासारखा अकॉर्डियन ओढतोय, आणि कपाटातून सूनबाई विचारतेय, ‘सुरू झालं का?’ चारदा प्रयत्न केला. आठवड्याने परत केला. शेवटी सूनबाई बाहेर येऊन म्हणाली, ‘घड्याळ सुरू करून बघा बरं.’ डॉक्टरांचा चेहरा पडला. तिला काय म्हणायचंय ते आमच्याआधी त्यांना कळलं होतं. घड्याळ सुरू केलं, तरी गाणं शाळेच्या कवायतीसारखं निघालं. मग कळलं की मास्तरांनी मधल्या वेळात ते पुसून, नीट मोजून सरळ लावलं होतं. काकांनी खिळा चुकवून ते तिरकं टांगलं होतं आणि तू ते जन्मात कुणाला सरळ करू दिलं नाहीस, आठवतं? म्हणून त्याची एक टक लांब आणि एक आखूड. मास्तरांनी खाली मान घालून ते पुन्हा होतं तसं वाकडं केलं, आणि गाणं झुलायला लागलं. डॉक्टरांनी काठ्या खाली ठेवल्या. मग भिंतीकडे बघून म्हणाले, ‘वर्षभर मला वाटत होतं, मी वाजवतोय.’

आता त्या शेवटच्या गाण्याबद्दल. ते तुझं आहे. तू इस्त्री करताना म्हणायचीस ते. तू गायला लागलीस की काका पेपर खाली करायचे आणि मी अभ्यास सोडून दारात येऊन बसायचो. सूनबाई म्हणाली, ‘मावशी या घड्याळावरच गात असणार,’ आणि मला एकदम तुझा हात दिसला, इस्त्री जाताना लांब टक, येताना आखूड. मला संगीत कुणी शिकवलं असं कुणी विचारलं तर मी क्लासच्या सरांचं नाव सांगत आलो. यापुढे तुझं सांगणार. अल्बमवरही पहिलं नाव तुझंच असेल. आमच्यासारखीच तूही फावल्या वेळातली गायिका, फक्त तुला रविवारची दुपारही नव्हती. हे सगळं तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून लिहितोय. फार उपकार आहेत तुझे.

दादाला नमस्कार. गोळ्या वेळेवर घे.

तुझा आणि तुझ्या किल्लीचा ऋणी,
भाचा

ता. क. १ : परवा तू फोनवर म्हणालीस की तिकडे झोप लागत नाही, दादाने आणलेलं घड्याळ नुसतं लाल आकडे दाखवतं, तोंडातून ब्र काढत नाही, तर शनिवारी तो कामाला इकडे येतोय, त्याच्याबरोबर ‘माझं घड्याळ धाडून दे’. मी ‘हो’ म्हणालो, पण ते तोंडातून निघून गेलं. पत्र खरं त्यासाठीच आहे. मावशी, तेच शेवटचं गाणं अजून पुरतं रेकॉर्ड व्हायचंय. तेवढं होईपर्यंत घड्याळ राहू दे. तोवरची सोय म्हणून आम्ही घड्याळाची टकटक रेकॉर्ड करून दादाच्या फोनवर पाठवतो, ती उशाशी लावून झोप.

ता. क. २ : सूनबाईने वरचं वाचलं. मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती दादाशी बोलली. तो म्हणाला, झोपेचं राहू दे, आई इकडे आल्यापासून गुणगुणतच नाही, इस्त्रीसुद्धा गप्प करते. हे मला माहीत नव्हतं गं. घड्याळ येतंय. पण शनिवारी दादाबरोबर नाही. रविवारी आमच्याबरोबर, मास्तरांच्या गाडीत, माझ्या मांडीवर. मास्तरांनी कोनमापक लावून त्याचा तिरकेपणा टिपून घेतलाय, खिळा काकांनी ठोकला होता तेवढाच चुकवून ठोकू. रजया आणतोय. शेवटचं गाणं तुझ्याकडेच रेकॉर्ड करायचं. दादाला म्हणावं, एक कपाट रिकामं कर. डॉक्टरांनी आसपासच्या सगळ्या गाई तपासून ठेवल्यात.

ता. क. ३ : त्या गाण्याचं पहिलं कडवंच आम्हाला येतं. दुसरं कुणालाच येत नाही, कारण पहिलं संपलं की दर वेळी दूध उतू जायचं आणि तू ‘पुढचं मग म्हणते’ म्हणून उठायचीस. दुसरं तुलाच गायचंय. घसा बसलाय, वय झालं, असलं काही ऐकणार नाही. आम्ही जेवून निघू आणि चहाच्या आत तुझ्या दारात असू. दूध मात्र सकाळीच तापवून ठेव.