रजा न मागता गेलेला नोकर

चंदर भाऊजी,
वहिनीचा आशीर्वाद, पण आज अर्धाच.

काल इन्कम टॅक्सचे साहेब सायखेड्यात आले. मी अंगण सारवत होते. "कंपनीच्या मालकीणबाई कुठायत?" म्हणले. तुमची रस्त्याच्या ठेक्याची कंपनी माझ्या नावावर हाय, हे मला तवा कळलं. विधवेच्या पगाराचे कागद म्हणून सह्या घेतल्यात ना? तुमचे भाऊ असते तर छाती झाली असती का? टॅक्स तुम्ही बुडवायचा अन् जेलात मी जायचं?

मग मीपण मालकिणीच्या रुबाबात जबाब दिला, की सगळा कारभार माझा नोकर चंदर बघतो, त्यालाच धरा.

साहेबांनी तुमचा पत्ता मागितला. तो मलाच ठाऊक नाय, म्हणून हे पत्रही घरातच पडून राहणार. रजा न मागता पळालात, नोकरी गेली समजा.

तुमची मालकीण,
चिमणाबाई