अशक्त कोकरू आधी

ता. ३

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तिकडे दवाखान्यात भाओजींच्या पायाचं हाड जुळत असेल. इकडे तुमच्या कोकरांना हगवण लागलीय, पण सगळ्यांना नाही, दोघांनाच. मागे मी एका माळ्याकडे राहिलो होतो ना, ज्याचा कुत्रा तीन पायांवर पोहायचा (ती गंमत नंतर), तो बिघडल्या पोटावर लसूण आणि दही द्यायचा. तेच करतोय. लसूण ठेचून कोमट पाण्यात, वर दह्याची निवळ. जे सगळ्यात मलूल त्याला आधी बाटली, मग तीच बाकीच्यांना, ठणठणीत आहेत त्यांनाही. आजारी दोघांतलं थोरलं आज उभं राहिलं. मी माझीच पाठ थोपटली, हात पोचत नव्हता तरी.

गुरांच्या डॉक्टरांना बोलवायची गरज वाटत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भिंगरी

ता. ६

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

एवढे दिवस एका जागी टिकलास, हेच मोठं औषध. भाओजींनी अख्ख्या वॉर्डात सांगितलं की मेहुणा वैद्य निघाला. नर्सबाई विचारत होत्या, माणसांना चालतं का. तुझ्याविषयी मान वर करून बोलायची संधी आम्हाला कधी मिळते?

शेजारच्या काकूंची कोकरंही नाजूक आहेत. त्यांना चिठ्ठी टाकलीय, तुझ्याकडून औषध न्या म्हणून. पण डॉक्टरांना बोलावच. लसूण-दही जोडीला ठीक, उपचाराच्या जागी नाही.

लोभ आहेच, तो वाढव.

ताई

ता. १०

ती. ताईस, सा. न.

तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून बरं झालं तू लांब आहेस. थोरलं गेलं. मग ठणठणीत होती तीही आजारी पडली आणि त्यातलं एक गेलं. तेव्हा कुठे मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळीने मीठ-साखरेचं पाणी पोटात घातलं, इंजेक्शनं दिली, आणि मला एकच विचारलं, की आधी कोणाला पाजतोस. मी ऐटीत सांगितलं, सगळ्यात आजारी असेल त्याला. ते बाटलीच्या रबरी बोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, निरोगी आधी, आजारी शेवटी, आणि मध्ये बाटली उकळायची. नाहीतर आजार आपणच हाताने भरवतो.

ताई, काकूंना मी नुसतं औषध नाही दिलं. बाटलीही दिली, तीच, न धुता. त्यांचं एक कोकरू काल गेलं, दुसरं मान टाकून पडलंय. तरी त्या माझ्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, पोरा, तू जिवाचं रान केलंस, माझंच नशीब फुटकं. आणि मी तो डबा खाल्ला. चाटूनपुसून खाल्ला.

पिशवी भरलीय. उरलेली कोकरं सावरली की जातो. लोभ ठेव म्हणायची लाज वाटते.

भिंगरी

ता. १३

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

लहानपणी तू मरतुकडा, म्हणून आई तुला आधी वाढायची. तेच वळण तुझ्या हाताला लागलं असेल. पण ते आपलं ताट होतं, कोकरांची बाटली नव्हे.

भाओजींना मी काही सांगितलेलं नाही. ते अजून तुझं कौतुक करतात आणि मी खिडकीबाहेर बघत बसते. काकूंना चिठ्ठी मीच धाडली होती, तेव्हा मान माझीही खाली आहे. त्यांना मी कळवणार नाही. ते तू सांगायचंस. न सांगता गेलास, तर त्या मरेपर्यंत आपल्या नशिबाला बोल लावत बसतील.

रागावले आहे. जेवत जा.

ताई

ता. १६

ती. ताईस, सा. न.

सांगितलं. काकू कोकरापाशी बसल्या होत्या.  ऐकून म्हणाल्या, निदान डबा तरी परत करायचास. 

तेवढ्यात डॉक्टर आले. नळी घालायला कोणीतरी कोकरू धरायला हवं होतं. काकूंच्या हाताला कंप आहे. त्या मला म्हणाल्या, तोंडाने काही बोलू नकोस, नुसतं धर. मी धरलं. त्याचं पोट माझ्या पोटाला लागलेलं, उबदार होतं, पण जगेल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

निघताना काकू म्हणाल्या, उद्या लवकर ये. आणि येताना हात धुऊन ये.

तुझा भाऊ